माणशी किती?

२०२०च्या एप्रिलमधली गोष्ट. टाळेबंदीचा तिसरा आठवडा चालू होता आणि आपल्या मंडळाच्या सभागृहात शिधावाटप होते. पिशवीत पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, साखर, तेल, मीठ आणि चहापूड. घरटी एक पिशवी असा ठराव झाला होता. यादी घेऊन मी दाराशी बसलो होतो. एका बाईंनी पिशवी घेतली, खाली ठेवली आणि विचारले, "काका, आमच्या शेजारी दोघंच आहेत, त्यांना पाच किलो. आम्ही आठ जण, आम्हालाही पाचच. हे कसलं वाटप हो?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मागून आमच्यापैकीच कोणीतरी पुटपुटले, की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. बाईंना ते ऐकू गेले असेल किंवा नसेल. पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस तो प्रश्न डोक्यात राहिला. सरकारी दुकानात पिढ्यान् पिढ्या उभे राहिलेल्या माणसाने विचारावा असाच तो होता. रेशनच्या दुकानात 'घरटी किती' असा प्रश्न नसतो, 'माणशी किती' असा असतो. मंडळाच्या दारात आम्ही शिधा देत होतो आणि बाई रेशनचा हिशेब विचारत होत्या. या दोन शब्दांतले अंतर केवढे आहे आणि आपल्या भागाने ते कसे ओलांडले, ते यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहावेसे वाटले.

शिधा म्हणजे न शिजवलेले अन्न. तांदूळ, डाळ, कणीक, मीठ, तूप, गूळ आणि जमल्यास एखादी भाजी. गौरी-गणपतीत आणि पितृपक्षात तो भटजींना द्यायचा, वाटसरू आला तर त्याला द्यायचा. तो कच्चाच का द्यायचा, तर दुसऱ्याच्या हातचे शिजलेले चालत नसे म्हणून. शिध्याच्या मागे सोवळे होते आणि जातही होती, हे झाकण्यात अर्थ नाही. शिवाय शिधा मानाप्रमाणे मिळे. दरबारी आलेल्या वकिलाचा शिधा वेगळा, त्याच्या कारकुनाचा वेगळा, पालखीच्या भोयांचा त्याहून वेगळा. किती द्यायचे हे घेणाऱ्याच्या पोटावरून ठरत नसे, त्याच्या पागोट्यावरून ठरे.

दुसरा शब्द रतीब. तो अरबीतून आला. अर्थ, रोजचे ठरलेले देणे. आज तो दुधाच्या आणि वर्तमानपत्राच्या हिशेबापुरता उरला असला, तरी पूर्वी हत्ती-घोड्यांच्या रोजच्या दाण्यालाही तोच शब्द होता. गंमत अशी, की जनावराच्या बाबतीत मानपानाचा प्रश्न नव्हता. घोड्याला काम किती आणि दाणा किती लागतो, हे पाहूनच रतीब बांधला जाई. त्या अर्थाने आधुनिक रेशनशी जवळचे नाते सांगायचे तर ते शिध्यापेक्षा पागेतल्या रतिबाचे आहे.

रेशन हा शब्द इंग्रजांबरोबर आला. त्याचे लॅटिन मूळ हिशेब या अर्थाचे. फ्रेंच सैन्यातून तो इंग्रजीत गेला आणि शिपायाच्या रोजच्या ठरलेल्या अन्नासाठी रूढ झाला. आपले बेळगाव कॅन्टोन्मेंटचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव. इथे 'मिलिटरीचे रेशन' हा शब्द कार्डाच्या आधीपासून लोकांच्या कानावर असणार. पुढे कार्ड आले तेव्हा सरकारी मराठीने जुना शब्द उचलून त्याला 'शिधापत्रिका' म्हटले. आपल्या कन्नड शेजाऱ्यांनी काय केले पाहा. ते म्हणतात 'पडितर चीटी'. पडितर म्हणजे देवळाला किंवा मठाला रोजच्या नैवेद्यासाठी नेमून दिलेले धान्य. दोन्ही भाषांनी धर्माच्या घरातलाच शब्द हिशेबाच्या कागदावर आणून बसवला. दुकानाच्या पाटीवर मात्र दोघांनीही वेगळी भाषा वापरली. इथे 'न्यायबेले अंगडी', पलीकडे कोल्हापुरात 'रास्त भाव दुकान'. एकीकडे न्याय, दुसरीकडे रास्त.

माणसाला जगायला किती धान्य लागते हा प्रश्न आपल्या भागात सर्वांत क्रूरपणे विचारला गेला तो १८७६-७७च्या दुष्काळात. १८७६चा पाऊस दख्खनवर पडलाच नाही. पुणे, नगर, सोलापूर, सातारा आणि खाली कलादगी, बेळगाव, धारवाड हे मुंबई इलाख्यातले जिल्हे होरपळले. कलादगी म्हणजे आजचे विजापूर-बागलकोट. रेल्वे सोलापूरवरून रायचूरकडे गेली होती. बेळगावात रूळच नव्हते. ते आले दहा वर्षांनी, आणि सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली तीही मोठ्या अंशी याच दुष्काळाच्या धड्यामुळे. तोवर धान्य येणार ते बैलगाड्यांवरून, आणि बैलांनाही चारा नव्हता.

सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडायची, तळी खोदायची, रस्ते करायचे. सुरुवातीला पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा, काम करणाऱ्या मुलाला एक आणा असा रोज होता. धान्य महाग होत गेले तसे या दोन आण्यांत काही येईना, म्हणून मजुरी धान्याला बांधली. पुरुषाला एक पौंड धान्याची बाजारातली किंमत आणि वर एक आणा. हिशेब म्हणून ही गोष्ट चांगली होती. भाव चढला तरी पोटात जाणारे धान्य तेवढेच राहावे हा तिच्यामागचा विचार. अडचण होती ती 'एक पौंड' या आकड्यात.

पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, जुन्या मापाने साधारण अर्धा शेर. ज्वारीच्या पिठाच्या चार मोठ्या भाकरी होतात. आज पंख्याखाली बसून काम करणाऱ्या आपल्याला चार भाकरी पुष्कळ वाटतील. पण त्यांच्याबरोबर डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, आणि दिवसभर उन्हात दगड फोडायचा आहे, शिवाय अंग आधीच खंगलेले आहे, असे धरून पाहावे.

या आकड्यामागे एका माणसाची गोष्ट आहे. सर रिचर्ड टेंपल. १८७३-७४मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला आणि फार थोडी माणसे मेली. त्याबद्दल त्याची पाठ थोपटली गेली नाही. उलट अवाढव्य खर्च केला म्हणून टीका झाली. जानेवारी १८७७मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्याच टेंपलला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत काटकसर करायला पाठवले. जुना डाग धुऊन काढायची संधी त्याने घेतली. मद्रासेत मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर उतरली. इकडे मुंबई इलाख्यात काही कामांवर पौंडावरचा आणा अर्धा झाला. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी जोरदार विरोध केला. एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस टिकत नाही, हे ते आकड्यांनिशी सांगत राहिले. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून अधिक धान्य मिळते, हेही त्या वेळी पुन्हा पुन्हा दाखवून दिले गेले. चोरी करून आत गेलेला बरा, असा त्याचा सरळ अर्थ होता.

यानंतर जे घडले ते शाळेच्या पुस्तकात मला कधी वाचायला मिळाले नाही. दख्खनमधल्या दुष्काळी कामांवरची माणसे काम सोडून जाऊ लागली. मजुरी कापली म्हणून, आणि गावाजवळचे काम बंद करून दूरच्या मोठ्या छावण्यांत चला असा हुकूम निघाला म्हणूनही. जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक लोकांनी कामे सोडली. उपाशी माणसाने हातातली भाकर नाकारायची, याला काय म्हणावे! सरकारने त्याचा अर्थ असा लावला, की या लोकांना मदतीची गरजच नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्थ वेगळा लावला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. एक पौंड पुरत नाही हा त्यांचा मुद्दा होता. दया करा, एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. तुमचा हिशेब चुकला आहे, असे ते सांगत होते. माझ्या मते या दोन वाक्यांत सगळा फरक आहे.

मद्रासेत मे महिन्यात शिधा वाढवावा लागला. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. १८७२ आणि १८८१च्या शिरगणत्या शेजारी ठेवल्या, तर कलादगी जिल्ह्याची वस्ती पाचव्या हिश्श्याहून अधिक घटलेली दिसते. त्यात मेलेले किती आणि देशोधडीला लागलेले किती, हे त्या आकड्याला विचारून समजत नाही. १८८०च्या दुष्काळ कमिशननंतर फॅमिन कोड तयार झाले आणि दुष्काळात कोणाला, कधी, किती द्यायचे हे पहिल्यांदा कागदावर आले. त्या कोडची खरी ताकद ओळखली ती टिळकांनी. १८९६-९७च्या दुष्काळात 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी कोडातली कलमे मराठीत गावोगाव पोचवली गेली, की बाबांनो, हे तुमच्या हक्काचे आहे, मागून घ्या. सरकार इतके चिडले, की त्याने सभेला मान्यता देणेच बंद केले. गणेशोत्सवाला नुकतीच तीन-चार वर्षे झाली होती. उत्सव आणि धान्याचा हक्क या दोन्ही गोष्टी लोकांपर्यंत नेणारी माणसे एकच होती, हे आपल्या आरत्यांच्या गजरात विसरायला होते.

कार्ड आले ते दुसऱ्या महायुद्धात. मार्च १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मी तांदळाची वाट बंद झाली. मुंबई शहर बाहेरच्या धान्यावर जगणारे. २ मे १९४३ रोजी तिथे रेशनिंग सुरू झाले. शिरगणती करावी तशी घराघरांतली माणसे मोजली. मोठ्याचे पूर्ण युनिट, लहान मुलाचे अर्धे. गिरणीतला कोकणी कामगार असो की मलबार हिलवरचा शेठ, कार्डावर दोघेही एकेक तोंड झाले. शेठजींना काळ्या बाजाराची वाट मोकळी होती हे मान्य, पण निदान कागदावर तरी पागोटे उतरले होते. त्याच वर्षी नेमलेल्या ग्रेगरी समितीने लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करावे आणि मोठ्या माणसाला रोज निदान एक पौंड धान्य मिळावे, अशी शिफारस केली. सहासष्ट वर्षांनी आकडा तोच! फरक एवढाच, की तेव्हा तो दगड फोडण्याची मजुरी होता, आता काम करा वा न करा, मिळायचे किमान म्हणून आला. १९४६च्या सुरुवातीला तोही टिकला नाही. बारा औंसांवर, म्हणजे तीनशे चाळीस ग्रॅमवर आला.

याच १९४३मध्ये बंगालमध्ये लाखोंनी माणसे मेली. कलकत्त्यात रेशनिंग सुरू झाले ते १९४४च्या जानेवारीअखेर. मुंबई वेळेवर जागी झाली म्हणून तिचे कौतुक करावे, पण हातचे राखूनच. बंगालमध्ये मेली ती मुख्यतः खेड्यातली माणसे, आणि रेशनिंग ही मुळात शहराची सोय होती. शहराच्या कार्डावरचे धान्य खेड्यातून लेव्हीने उचललेले असे.

आमच्या एका घरात या दोन्ही बाजू होत्या. बेळगाव जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा लेव्हीही मुंबई सरकारचीच. आजोबा गावी शेती करत. ठरलेली पोती ठरलेल्या भावात घालायची, आणि बाजारात भाव दुप्पट असायचा. पेवात धान्य दडवल्याच्या गोष्टी काका रंगवून सांगत. त्यातले खरे किती, ते त्या पेवालाच ठाऊक. वडील मात्र शहरात नोकरीला, पगारावर जगणारे, आणि कार्डाच्या धान्याची वाट पाहणारे. आजोबा म्हणत, "माझं धान्य माझ्याच पोराला रांगेत उभं राहून घ्यावं लागतंय." शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. बेळगावातून चालत शहापुरात गेले की सरकार बदले.

डिसेंबर १९४७मध्ये गांधीजींच्या आग्रहामुळे नियंत्रणे उठवली गेली, भाव भडकले आणि १९४८मध्ये ती पुन्हा आली. रफी अहमद किडवईंनी १९५४पर्यंत ती पुन्हा काढून टाकली. नंतर अमेरिकेचा पीएल-४८० गहू आला, १९६५मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले. ही सगळी ये-जा मोठ्यांना ठाऊक असेल. मला आठवते ती १९६५-६६ची रांग. मी दहा वर्षांचा. सकाळी पिशवी आणि कार्ड घेऊन नंबर लावायचा, शाळेची वेळ झाली की नंबरावर दगड ठेवून धाकट्या भावाला उभे करायचे. दुकानदार म्हणे, तांदूळ संपला, गहू घ्या. तांदूळ खाणारे आमचे घर, आईचे तोंड उतरे. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले होते. आज्जीचे सोमवार आधीपासूनच होते, म्हणून ती म्हणे, "माझा महादेव आणि तुमचं सरकार एका दिवशी आले, बरं झालं." लग्नाच्या पंगतीतल्या पानांवरही सरकारी मर्यादा होती. १९७२ला जतची मावशी महिनाभर आमच्याकडे येऊन राहिली. तिकडे दुष्काळात मिळणाऱ्या मिलोची भाकरी थापताना कशी तुटते, ते ती हाताने करून दाखवायची.

कार्डाचा आणखी एक उपयोग आपल्यासारख्या सीमेवरच्या घरांना चांगला ठाऊक आहे. धान्याइतकेच ते घरातल्या माणसांचे रजिस्टर होते. माझ्या बहिणीचे लग्न कोल्हापुरात झाले. इथले नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तिथे नाव चढत नाही. इथले नाव लगेच कापले गेले. दाखला हातात यायला सात महिने लागले. राज्य वेगळे, कागदाची भाषा वेगळी, आणि 'उद्या या' मात्र दोन्हीकडे सारखेच. सात महिने ती कोणत्याच कार्डावर नव्हती. सासरी तिला कोणी उपाशी ठेवले नाही, पण सासूबाई एकदा हसत म्हणाल्या, "तू अजून पाहुणीच." बहिणीने ती गोष्ट पन्नास वर्षांनी मला सांगितली, तेव्हा ती हसली नव्हती. वडिलांचे जुने कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ आहे, खाली आज्जीच्या नावावर तशीच.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र घरांना माणशी महिन्याला पाच किलोचा हक्क दिला. ते रोजचे एकशे सदुसष्ट ग्रॅम होतात. टेंपलच्या पौंडाशी ते ताडून पाहण्याचा मोह होतो, पण ते न्यायाचे होणार नाही. आज उरलेले बाजारातून घेता येते, तेव्हा उरलेले नव्हतेच. आपल्या कर्नाटकात अन्नभाग्य आहे. २०२३मध्ये वाढीव पाच किलो तांदूळ मिळेना, तेव्हा किलोला चौतीस रुपयांप्रमाणे माणशी एकशे सत्तर रुपये खात्यावर आले, आणि २०२५मध्ये पुन्हा तांदूळ. पैसे बरे की तांदूळ, यावर आमच्या कट्ट्यावर अजून वाद होतो. बायकांचे मत बहुधा तांदळाच्या बाजूने पडते. तांदूळ दारूच्या दुकानाच्या वाटेने जात नाही. पण खरा प्रश्न मोजणीचा आहे. किती लोकांना द्यायचे हे २०११च्या शिरगणतीवर बेतले आहे, आणि त्यानंतर जन्मलेली मुले आता हायस्कुलात आहेत. सीमेपलीकडे महाराष्ट्र सरकारने २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ आणि तेल दिले, पुढे गौरी-गणपतीलाही दिले. नाव दिले 'आनंदाचा शिधा'. नाव अगदी बरोबर होते, कारण तो कार्डामागे एक संच असा होता, माणसे कितीही असोत.

आमच्या त्या वाटपाचे सांगायचे राहिले. पुढच्या आठवड्यात यादीत 'माणसे' असा नवा रकाना आखला. त्या बाई त्या दिवशी आल्या नाहीत, म्हणून मी आणि आमचे खजिनदार पिशव्या घेऊन त्यांच्या घरी गेलो. दारात उभ्या राहून त्यांनी एकेकाचे नाव आणि वय सांगितले, मी लिहीत गेलो. आठ नव्हते, नऊ होते. नववे नाव लेकीच्या चार महिन्यांच्या बाळाचे. ती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि टाळेबंदीत अडकली होती. मी खजिनदारांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. लहानाचे अर्धे धरायचे की पूर्ण, हे आम्ही अजून ठरवलेले नव्हते.